टेड लॉसन: पाचशे फुटांची धावपट्टी

वाचनपाठ (मोठा गट)

वाचायच्या आधी विचार करा:
१. एखादी अवघड गोष्ट तुम्हांला सरावाने जमली आहे का? किती दिवस लागले?
२. अनोळखी माणसाने तुम्हांला कधी मदत केली आहे का? त्याचं नाव तुम्हांला माहीत आहे का?

आपल्या घराजवळची गोष्ट

मुलांनो, डब्लिनहून ५८० ने ओकलंडकडे निघालं आणि वाटेत गर्दी नसली, की अर्ध्या-पाऊण तासात आपण अलमीडाला पोचतो. तिथे धक्क्याला एक भलीमोठी करडी बोट उभी आहे. तिचं नाव हॉर्नेट. ही विमानवाहू नौका आता संग्रहालय आहे. तुमच्यापैकी काही जण शाळेच्या सहलीला तिथे गेलेही असतील.

ही बोट म्हणजे दुसरी हॉर्नेट. हिच्या आधी याच नावाची एक बोट होती. एप्रिल १९४२ मध्ये ती याच अलमीडाच्या धक्क्याला लागली होती, आणि तिच्या डेकवर क्रेनने सोळा बॉम्बफेकी विमानं चढवली जात होती. त्यातल्या सातव्या विमानाचा वैमानिक होता टेड लॉसन. वय वर्षं पंचवीस. आज आपण त्याची गोष्ट वाचणार आहोत.

१. रात्री काम, दिवसा कॉलेज

टेडचा जन्म ७ मार्च १९१७ चा. तो कॅलिफोर्नियातलाच. त्याला विमानांचं वेड होतं, पण ती चालवण्यापेक्षा ती बनतात कशी यात त्याला जास्त रस होता. त्याला विमानांचा इंजिनिअर व्हायचं होतं. लॉस एंजेलिसच्या कॉलेजात तो दिवसा शिकायचा आणि रात्री डग्लस या विमान बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. झोप कधी काढायचा कोण जाणे!

१९४० साली युरोपात दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण सैन्यात वैमानिकांची भरती सुरू झाली होती. टेडने विचार केला, की ज्याला चांगली विमानं बनवायची आहेत त्याला ती चालवताही यायला हवीत. म्हणून तो सैन्याच्या हवाई दलात शिकाऊ वैमानिक म्हणून दाखल झाला. टेक्सासमधल्या केली फील्डवर त्याचं शिक्षण पूर्ण झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले.

पुढे त्याची नेमणूक बी-२५ या विमानांच्या तुकडीत झाली. बी-२५ म्हणजे दोन इंजिनांचं, मध्यम आकाराचं बॉम्बफेकी विमान. ते एकट्याचं काम नव्हे. आत पाच जण असतात: वैमानिक, सहवैमानिक, दिशा सांगणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि बंदूक सांभाळणारा. पाचातल्या एकाची चूक झाली तरी पाचही जण गोत्यात येतात. म्हणून वैमानिकाला विमानाइतकीच माणसंही सांभाळावी लागतात.

१९४१ मध्ये टेडचं एलनशी लग्न झालं. त्याच वर्षी ७ डिसेंबरला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि अमेरिका युद्धात ओढली गेली. टेडची तुकडी वायव्येकडच्या समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधत फिरू लागली.

२. कशासाठी ते विचारायचं नाही

फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या तुकडीला साउथ कॅरोलायनात बोलावलं गेलं. तिथे एका धोक्याच्या मोहिमेसाठी स्वेच्छेने कोण येणार, अशी विचारणा झाली. कुठे जायचं, काय करायचं, काहीच सांगितलं नाही. टेडने नाव दिलं, त्याच्या साथीदारांनीही दिलं.

मार्चमध्ये सगळे फ्लोरिडातल्या एग्लिन फील्डवर पोचले. त्यांचे प्रमुख होते जिमी डूलिटल. हे अलमीडातच जन्मलेले, देशभर नाव कमावलेले वैमानिक. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की ज्याला माघार घ्यायची असेल त्याने घ्यावी, कुणी कारण विचारणार नाही. आणि इथे जे चाललंय ते बायकोलाही सांगायचं नाही.

मग सुरू झाला एक विचित्र सराव. नौदलाचा हेन्री मिलर नावाचा अधिकारी त्यांना शिकवायला आला होता. धावपट्टीवर रेघा मारल्या होत्या, आणि तेवढ्यात विमान उचलायचं होतं. अंतर होतं साधारण पाचशे फूट. बी-२५ ला उडायला एरवी याच्या कितीतरी पट लांब धावपट्टी मिळायची. बॉम्ब आणि इंधन भरलेलं जड विमान इतक्या कमी जागेत उचलायचं म्हणजे भरलेला ट्रक उंबरठ्यावरून उडी मारायला लावण्यासारखं.

युक्ती अशी होती: पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप नावाच्या फळ्या असतात. त्या खाली केल्या, की पंखाला हवेचा जास्त आधार मिळतो. फ्लॅप पूर्ण खाली करायचे, ब्रेक दाबून धरायचे, इंजिनं पूर्ण जोरात फिरवायची आणि मग ब्रेक सोडून विमान जवळजवळ शेपटीवर उभं असल्यासारखं वर खेचायचं. वैमानिकांना हे अगदी उलटं वाटायचं. इतक्या कमी वेगात विमान उचललं तर ते पडतं, असंच ते आजवर शिकले होते.

सरावात टेडच्या विमानाची शेपूट एकदा जमिनीला घासली. मित्रांनी त्याची थट्टा केली आणि विमानाच्या नाकावर कुबड्या घेतलेलं एक बदक रंगवलं. तेच विमानाचं नाव पडलं: रप्चर्ड डक, म्हणजे जायबंदी बदक. कुबड्यांचं ते चित्र पुढे टेडच्याच नशिबी येईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

विमानातही बरेच बदल केले गेले. इंधन ६४६ गॅलन मावायचं, ते जादा टाक्या बसवून ११४१ गॅलनवर नेलं. वजन कमी करायला खालची बंदूक काढली. शेपटीत बंदुका नव्हत्याच, म्हणून झाडूचे दांडे काळे रंगवून बसवले, शत्रूला लांबून त्या बंदुका वाटाव्यात म्हणून. महागडं, गुप्त निशाणयंत्र शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तेही काढलं आणि जागी काही पैशांत होणारं साधं पत्र्याचं साधन बसवलं. जुगाड हा शब्द तुम्ही आजोबांकडून ऐकला असेल. हा युद्धातला जुगाड होता.

३. अलमीडाहून समुद्रात

१ एप्रिलला सोळा विमानं अलमीडाला हॉर्नेटवर चढली. दुसऱ्या दिवशी बोट गोल्डन गेट पुलाखालून बाहेर पडली. समुद्रात गेल्यावरच सगळ्यांना सांगण्यात आलं, की आपण जपानवर बॉम्ब टाकायला चाललो आहोत.

त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, जपानी विमानांनी आपल्या भारतातल्या विशाखापट्टणम आणि काकीनाडा या बंदरांवर बॉम्ब टाकले. म्हणजे हे युद्ध तेव्हा भारताच्या किनाऱ्यालाही लागलं होतं. जपान सगळीकडे जिंकत चालला होता. जपानच्या राजधानीपर्यंत कुणी पोचू शकतं, हे दाखवायचं अमेरिकेने ठरवलं होतं.

योजनेत एक मोठी अडचण होती. बी-२५ बोटीवरून कसंबसं उडू शकत होतं, पण बोटीवर परत उतरू शकत नव्हतं. म्हणून बॉम्ब टाकून पुढे चीनमध्ये उतरायचं ठरलं. तेव्हा चीन जपानशी लढत होता, आणि त्याचा बराच भाग जपानच्या ताब्यात गेलेला होता.

१८ एप्रिलच्या सकाळी एका जपानी गस्ती बोटीने हॉर्नेटचा ताफा पाहिला आणि रेडिओवरून खबर दिली. आता थांबणं शक्य नव्हतं. ठरलेल्या वेळेच्या सुमारे दहा तास आधी आणि जवळजवळ ३०० किलोमीटर लांबूनच विमानांना निघावं लागलं. जपान तिथून सुमारे १२०० किलोमीटर होता. इंधन चीनपर्यंत पुरेल का, याची खात्री कुणालाच देता येत नव्हती.

समुद्र खवळलेला होता. बोटीचं नाक एकदा लाटेत खाली जायचं, एकदा वर यायचं. नाक वर येण्याच्या बेताला निशाणवाला खूण करायचा आणि विमान सुटायचं. डेकवर दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. चाकं रेघेवर राहिली तर उजवा पंख बोटीच्या मनोऱ्यापासून जेमतेम सहा फुटांवरून जाणार होता.

डूलिटल पहिले गेले, मग एकामागून एक आणखी पाच विमानं उडाली. सातवा नंबर टेडचा. विमान डेकच्या टोकावरून सुटलं आणि एकदम पाण्याकडे खाली गेलं. फ्लॅप वरच राहिले होते! तीन आठवडे ज्या गोष्टीचा सराव केला, ती नेमकी त्या क्षणी राहून गेली. पण हात सरावलेले होते. टेडने विमान सावरलं आणि लाटांच्या वरून ते हळूहळू वर चढलं.

मला या गोष्टीतला हा भाग फार आवडतो. सरावाने चुका होत नाहीत असं नाही. चूक झाल्यावर सावरायचं कसं, हेही सरावच शिकवतो.

४. तीस सेकंद आणि एक समुद्रकिनारा

दुपारी रप्चर्ड डक टोकियोवर पोचलं. चार बॉम्ब टाकायला साधारण अर्धं मिनिट लागलं. टेडने पुढे आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं: टोकियोवरचे तीस सेकंद.

लक्ष्य कारखान्यांचं आणि लष्करी ठिकाणांचं होतं. पण बॉम्ब पडतात तिथे माणसं असतातच. त्या दिवशी सोळा विमानांच्या बॉम्बहल्ल्यात जपानमध्ये सुमारे पन्नास जण मेले. त्यांत साधे नागरिक होते, एक शाळकरी मुलगाही होता. युद्धाची गोष्ट वाचताना ही बाजू आपण विसरायची नाही.

बॉम्ब टाकून टेड चीनकडे वळला. संध्याकाळ झाली, पाऊस लागला, ढग खाली आले. खाली काही दिसेना आणि इंधन संपत आलं. तेवढ्यात एका बेटाचा वाळूचा किनारा दिसला. टेडने तिथेच उतरायचं ठरवलं. पण किनाऱ्याच्या अलीकडेच इंजिनांनी दम तोडला. खाली सोडलेली चाकं पाण्याला अडली आणि विमान उलटलं.

टेड काच फोडून बाहेर फेकला गेला. त्याचा डावा पाय गुडघ्यापाशी खोलवर फाटला, दात पडले, चेहरा फाटला. आणखी तिघे गंभीर जखमी झाले. धड होता फक्त एक जण, वीस वर्षांचा बंदूकधारी डेव्हिड थॅचर. त्याने अंधारात, पावसात एकेकाच्या जखमा बांधल्या आणि रात्रभर सगळ्यांना जपलं.

५. नाव माहीत नसलेली माणसं

ते बेट चीनच्या चेज्यांग प्रांतातलं होतं. आसपास जपानी सैनिकांच्या गस्ती होत्या. गावातले कोळी आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, यांना चिनी येत नव्हतं. या परक्यांना लपवलं तर जपानी आपलं काय करतील, हे त्या कोळ्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी या पाच जणांना घरात घेतलं, कोरडे कपडे दिले, खायला दिलं. मग बांबूच्या डोल्यांतून, होड्यांतून, डोंगरवाटांनी खांद्यावरून वाहून त्यांना लिन्हाय नावाच्या गावातल्या दवाखान्यात पोचवलं.

तिथे चेन नावाचे तरुण चिनी डॉक्टर होते. औषधं फारच थोडी होती. टेडचा पाय सडत चालला होता आणि विष अंगात भिनत होतं. सुदैवाने मोहिमेतल्या पंधराव्या विमानाची मंडळीही त्याच भागात समुद्रात पडून वाचली होती, आणि त्यांच्यात थॉमस व्हाइट नावाचे डॉक्टर होते. मोहिमेवर जायला मिळावं म्हणून हे डॉक्टर बंदूक चालवायला शिकले होते! त्यांनी टेडला स्वतःचं रक्त दिलं. पण पाय वाचेना. शेवटी मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी टेडचा डावा पाय कापला. टेड वाचला.

मुलांनो, इथे मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं एक पथक चीनच्या मदतीला गेलं होतं. त्यातले हे एक. टेड लिन्हायच्या दवाखान्यात होता तेव्हा कोटणीस चीनच्या उत्तर भागात जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्याच वर्षी ९ डिसेंबरला तिथेच ते वारले. तेव्हा ते फक्त बत्तीस वर्षांचे होते. टेड आणि कोटणीस कधी भेटले नाहीत. पण एकाच वर्षी, एकाच देशात, एक परका माणूस चिनी लोकांना वाचवत होता आणि एका परक्या माणसाला चिनी लोक वाचवत होते.

जपानी सैन्य जवळ येऊ लागलं तसं टेड आणि बाकीच्या जखमींना तिथून हलवलं गेलं. पुन्हा डोल्या, गाड्या, दिवसेंदिवसांचा प्रवास. शेवटी अमेरिकन विमान मिळालं आणि भारतमार्गे टेड अमेरिकेला परतला.

सोळापैकी एक विमान रशियात उतरलं, बाकी पंधरा नष्ट झाली. ऐंशी जणांपैकी तिघे विमान सोडताना किंवा पडताना मेले. आठ जण जपान्यांच्या हाती सापडले. त्यातल्या तिघांना ठार मारलं गेलं आणि एक कैदेत मेला. पण सगळ्यांत मोठी किंमत चिनी खेडुतांनी मोजली. वैमानिकांना मदत केली म्हणून, आणि तिथले विमानतळ पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून, जपानी सैन्याने त्या भागात गावंच्या गावं जाळली. त्या मोहिमेत सुमारे अडीच लाख चिनी नागरिक मारले गेले, असा अंदाज आहे.

६. परत आल्यावर

टेडला वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात ठेवलं. एलन तेव्हा गरोदर होती. एक पाय नाही, दात नाहीत, चेहऱ्यावर व्रण. अशा अवस्थेत तिच्यासमोर जायची टेडला धास्ती वाटत होती. टोकियोवर जाताना जो डगमगला नाही, तो इथे घाबरला. पण एलन आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली.

१९४३ मध्ये टेडने पत्रकार बॉब कॉन्सिडाइन यांच्या मदतीने आपली कहाणी पुस्तकात लिहिली. ते खूप खपलं. पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा निघाला. लाखो लोकांना डूलिटलची मोहीम कळली ती या सातव्या विमानाच्या वैमानिकामुळे. गंमत म्हणजे डॉ. कोटणीसांच्या आयुष्यावरही १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला.

कृत्रिम पाय लावून टेडने आणखी काही काळ नोकरी केली. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात तो अमेरिकन हवाई दलातर्फे काम करत होता. १९४५ च्या सुरुवातीला तो मेजर म्हणून निवृत्त झाला. पुढे तो कॅलिफोर्नियातच राहिला. १९ जानेवारी १९९२ ला चिको या गावी त्याचं निधन झालं. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

टेडला घेऊन गेलेली पहिली हॉर्नेट त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, लढाईत बुडाली. तिचं नाव दुसऱ्या बोटीला दिलं. तीच आज अलमीडाला उभी आहे.

पुढच्या वेळी तुम्ही तिच्या डेकवर गेलात, तर पाचशे फूट पावलांनी मोजून बघा. मोठ्या माणसाची साधारण दोनशे पावलं होतात. टेडला त्या दिवशी जवळजवळ तेवढ्याच जागेत आकाश गाठायचं होतं. आणि मग डेकच्या टोकाशी उभं राहून त्या कोळ्यांचीही आठवण काढा. टेडला बोटीवरून उडवायला सरावाचे तीन आठवडे लागले. त्याला घरी परत आणायला मात्र अशी कितीतरी माणसं लागली, ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

शब्दार्थ

विमानवाहू नौका: जिच्यावरून विमानं उडतात अशी लढाऊ बोट
गोत्यात येणे: अडचणीत सापडणे
स्वेच्छेने: स्वतःच्या इच्छेने, कुणी जबरदस्ती न करता
जायबंदी: जखमी, अवयव निकामी झालेला
गस्त: पहारा देण्यासाठी फिरणे
दम तोडणे: बंद पडणे, शक्ती संपणे
डोली: माणसाला बसवून खांद्यावरून नेण्याचं साधन
व्रण: जखम भरल्यावर राहणारी खूण
धास्ती: भीती, काळजी

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर द्या.
१. टेडला आधी कोण व्हायचं होतं?
२. विमानाच्या शेपटीत झाडूचे दांडे का लावले?
३. विमानं ठरलेल्या वेळेआधी का निघाली?
४. अपघातात कोण धड राहिला? त्याने काय केलं?

आ) चार-पाच वाक्यांत उत्तर द्या.
१. टेडच्या हातून डेकवर कोणती चूक झाली? तो त्यातून कसा सावरला?
२. चिनी कोळ्यांना धोका माहीत होता. तरी त्यांनी मदत का केली असेल? तुमचं मत लिहा.

इ) वाक्यात उपयोग करा: गोत्यात येणे, जेमतेम, धास्ती वाटणे.

ई) घरी करायचं काम: आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा, की अनोळखी माणसाने त्यांना केलेली कोणती मदत त्यांना अजून आठवते. ती गोष्ट दहा ओळींत लिहून पुढच्या रविवारी वर्गात वाचून दाखवा.